विमान उतरलं की निम्मं

१

ती मुलगी खुर्चीत बसलीच नाही. टेबलावर दोन मोठी पाकिटं ठेवून म्हणाली, "मॅडम, यातली माझी आई कुठली, तेवढं सांगा."

दोन्ही पाकिटांवर एकाच बाईंचं नाव होतं. पहिलं पाकीट आमच्या स्कॅन सेंटरचं, चार महिन्यांपूर्वीचं. आत आमच्या डॉक्टरांच्या सहीचा अहवाल होता : कुठेही रोग दिसत नाही. दुसरं पाकीट एका रुग्णालयाचं, गेल्या सोमवारचं. त्यातल्या अहवालाला दोन पानं लागली होती.

"तुमचा कागद वाचून आम्ही उपचार थांबवले," ती म्हणाली. "आईने शिवणाचं मशीन परत काढलं. लोकांचे कपडे घेतले. आता ते डॉक्टर म्हणतात, हे तेव्हाही असणारच होतं, तुमच्या फोटोत वाळू ओतल्यासारखं दिसतंय, त्यात काय सापडणार."

मी पहिली फिल्म खिडकीशी धरली. आमच्या स्कॅनमध्ये शरीर राखाडी दिसतं आणि रोग असेल तिथे काळा ठिपका उमटतो. या फिल्मवर सगळीकडे बारीक कण होते. स्कॅनआधी शिरेतून टोचतात ते औषध कमी पडलं की चित्र असं येतं. मला हे कळतं, कारण दिवस जाईपर्यंत मी आत काम करत होते, ते औषध हाताळत होते. ते किरणोत्सारी असतं. सध्या अंगावर पाजते म्हणून मला बाहेर नोंदींच्या टेबलावर बसवलंय. तरी घरी गेल्यावर मी कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय बाळाला घेत नाही. सासूबाई म्हणतात, साबणाचा कारखाना काढ.

"आई कशा आहेत?" मी विचारलं.

"कपडे परत करतेय. अर्धवट शिवलेले."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्या खोलीत घेऊन गेले. अर्ध्या तासाने ती गेली आणि मला बोलावणं आलं.

"गुरुवारी चौकशी समिती येईल," डॉक्टर म्हणाले. "त्या दिवसाचे सगळे कागद लावून ठेवा. इंजेक्शन कोणी दिलं होतं?"

"ताईंनी."

"मग झालं तर."

त्यांच्या कोपराखाली एक कागद होता. ताईंच्या वतीने टाइप केलेला. 'सुई शिरेतून सरकल्यामुळे औषध पूर्ण आत गेले नाही. ही माझी चूक आहे.' खाली सहीची जागा रिकामी.

मुलगी येऊन अर्धा तासच झाला होता. आणि तो कागद घडीवर विरून मऊ पडला होता.

२

आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. ती समजली की बाकी सगळं सरळ आहे.

हे औषध साठवता येत नाही. दर एक तास पन्नास मिनिटांनी त्यातला जोर निम्मा होतो. चारशेचे दोनशे, दोनशेचे शंभर. कारखाना आमच्या शहरात नाही. तो आहे तिथून विमानाने यायला नेमके एक तास पन्नास मिनिटं लागतात. पहाटे पाच चाळीसला विमान सुटतं, साडेसातला उतरतं, ड्रायव्हरमामा शिशाचा डबा घेऊन सव्वाआठला दारात. बाटलीवर उड्डाणाच्या वेळचा आकडा लिहिलेला असतो. म्हणून आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवतात : विमान उतरलं की निम्मं. मलाही ते ताईंनीच शिकवलं.

ताईंची एकोणीस वर्षं झाली तिथे. सुई इतकी हलकी लावतात की पेशंट विचारतो, "कधी टोचणार?" त्या म्हणतात, "पुढच्या वेळी." त्यांच्या हातून सुई सरकेल? सरकू शकते. माणसाचाच हात. पण सरकली असती तर औषध कोपरापाशी मांसात साचलं असतं आणि फिल्मवर तिथे शाईचा डाग पडावा तसा काळा गोळा दिसला असता. मी फिल्म परत धरली. बाईंचे दोन्ही हात डोक्यावर घेतलेले, कोपरं स्पष्ट. डाग नव्हता.

म्हणजे डॉक्टरांच्या कोपराखालचा कागद खोटा होता. आणि चित्र वाचण्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे दिसलं नसेल असं कसं मानायचं.

मग औषध कमी का पडलं? मी त्या दिवसाची नोंदवही काढली. नियम असा की प्रत्येक सिरिंज मीटरमध्ये ठेवून मोजायची आणि आकडा लिहायचा. त्या दिवशी सहा पेशंट होते. सहा आकडे ताईंच्या वळणदार अक्षरात.

दहा. दहा. दहा. दहा. दहा. दहा.

मी घरी बाळाचं वजन करते. दर रविवारी, काट्यावर, कपडे काढून. आठ महिन्यांत ते दोनदा सारखं आलेलं नाही. लागोपाठ केलं तरी नाही. मोजलेली गोष्ट थोडी हलतेच. मी आत होते तेव्हा माझे आकडे नऊ पूर्णांक सात, दहा पूर्णांक तीन, असे यायचे आणि ताई म्हणायच्या, दहाच्या आसपास आहे ना, पुरे.

मी मागची पानं उलटली. दोन दिवस दहा. चार दिवस दहा. आठ दिवस दहा. नवव्या दिवशी पुन्हा नऊ पूर्णांक आठ, दहा पूर्णांक दोन. पुढच्या बाजूलाही तसंच, दोन दिवस दहा आणि मग आकडे हलायला लागलेले.

मधले अकरा दिवस आमच्या सेंटरमध्ये कोणी काहीच मोजलेलं नव्हतं.

३

ताई जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यावर बसतात. मी नोंदवही घेऊन शेजारी बसले. त्यांनी वही पाहिली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

"बाळ काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"ताई, मीटर कुठे होता?"

"रांगायला लागलं का?"

"ताई."

"दुरुस्तीला," त्या म्हणाल्या. "बिघडला होता. मीटर नसेल तर एकालाही इंजेक्शन द्यायचं नाही, असा कायदा आहे. मी साहेबांना म्हटलं, सेंटर बंद ठेवा. ते म्हणाले, ताई, तुमचा हात म्हणजेच मीटर. हिशेब येतो ना? लिहीत राहा. मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू."

"आणि त्या दिवशी औषध कमी गेलं."

"नाही." त्यांचा आवाज एकदम करारी झाला. "बाटलीवर चारशे होते. विमान उतरलं, दोनशे झाले. तिथून घड्याळ लावून मी एकेक सिरिंज भरली. बाकीचे दहा दिवस याच हिशेबाने दिलं, एक चित्र बिघडलं नाही. त्याच एका दिवशी माझा हिशेब चुकेल? झोपेत विचार मला."

"मग सही कशाला करताय त्या कागदावर?"

"कारण सुई सरकणं हा अपघात आहे. लेखी ताकीद मिळते, परवाना राहतो. साहेबांनी शब्द दिलाय. आणि ही वही उघडली गेली तर?" त्यांनी वहीवर बोट टेकवलं. "न मोजता लिहिणं हा गुन्हा आहे. परवाना रद्द. त्या दिवसापासून मी कुठल्याच सेंटरमध्ये सुई धरायची नाही. मला दुसरं काय येतं गं? छप्पन्न वर्षांची बाई मी. एकटी."

मी वही मांडीवर ओढून घेतली.

"तू हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "पण हुशारी गुरुवारनंतर कर."

मी परत टेबलाशी आले. वही बंद करायची असं ठरवून आले, हेही खरं. फक्त फाइल पूर्ण करायची म्हणून त्या दिवसाची डब्याची पावती काढली. पावतीच्या मागे मामांनी नेहमीप्रमाणे विमान कंपनीचं लेबल चिकटवून ठेवलं होतं. आधीच्या दहा दिवसांची लेबलं निळी होती.

हे पिवळं होतं. त्यावर आमच्या कारखान्याच्या शहराचं नाव नव्हतं.

४

नाव होतं ते शहर मला नकाशावर शोधावं लागलं. देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी इंटरनेटवर दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारं पान उघडलं, आधी नेहमीचं शहर घातलं. अकराशे ऐंशी किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं. मग पिवळ्या लेबलावरचं. सव्वीसशे चाळीस किलोमीटर.

वेळ : तीन तास चाळीस मिनिटं.

एक तास पन्नासच्या दुप्पट. बोटांवर मोजायची गरजच नव्हती. चारशेचे दोनशे, दोनशेचे शंभर. विमान उतरलं तेव्हा औषध निम्मं नव्हतं, पाव झालं होतं. ताईंनी ते निम्मं धरलं. सहाही जणांना दहा म्हणून पाच गेले.

मी कारखान्याला फोन लावला. औषध पाठवणाऱ्या विभागातला माणूस आधी गोड बोलला, तारीख सांगितल्यावर सावध झाला.

"त्या दिवशी आमचं यंत्र बंद होतं," तो म्हणाला. "आमच्या दुसऱ्या कारखान्यातून माल दिला. तुमची अडचण होऊ नये म्हणून तीन पन्नासच्या विमानात घातला, म्हणजे तुमच्याकडे रोजच्याच वेळेला पोचेल."

"पण जोर नेहमीच्या निम्मा होणार हे माहीत होतं ना?"

"अहो, म्हणून तर कळवलं. एवढंच शिल्लक आहे, तीन पेशंटचं होईल, तिघांना परत पाठवा, असं स्पष्ट सांगितलं."

"कोणाला?"

"सेंटरला."

"सेंटर फोन उचलत नाही. माणूस उचलतो."

तो हसला, पण नाव सांगेना. "लेखी काही मागू नका हां मॅडम. आमचंही पोट आहे."

ड्रायव्हरमामा आवारात गाडी पुसत होते. बाळ झाल्यापासून ते मला भेटले की आधी खिशातून नातवाचा फोटो काढतात. तो पाहून झाल्यावर मी लेबल दाखवलं.

"हा तर," मामा म्हणाले. "त्या दिवशी माझी चांगली वरात निघाली असती. विमानतळावर आपलं फाटक एक नंबर. हे विमान तीन नंबरला. बरं झालं, फोन आला."

"कोणाचा?"

"साहेबांचा. सकाळी साडेसहाला. म्हणाले, आज तीन नंबरला थांब. आणि आत कोणाला काही बोलू नको, उगाच गोंधळ होतो." त्यांनी फडकं पिळलं. पिळता पिळता त्यांचा हात थांबला. "का गं? काही झालंय का?"

मी त्यांना शिवणकाम करणाऱ्या बाईंबद्दल सांगितलं. मामांनी नातवाचा फोटो परत खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.

"मला काही आठवत नाही बघ," ते म्हणाले.

५

म्हणजे डॉक्टरांना सगळं माहीत होतं. पण माझ्या हातात काय होतं? एक माणूस लिहून देणार नव्हता, दुसऱ्याला आठवणार नव्हतं.

मी स्वतःला डॉक्टरांच्या जागी ठेवून पाहिलं. बाहेर सहा माणसं पहाटेपासून उपाशी बसलीत. औषध तिघांपुरतं. तिघांना परत पाठवायचं तर ताईंना सांगावं लागणार, कारण लेखी द्यावं लागणार, मग कोणीतरी मोजलेले आकडे तपासणार. मीटर नसल्याचं उघडं पडणार. तर गप्प राहून सहाही जणांना निम्म्या औषधावर काढायचं. पण ते डॉक्टर चांगले आहेत, म्हणजे कामात. निम्म्या औषधावर चित्र बिघडतं हे त्यांना माहीत. मग त्यांनी काय केलं असेल?

कमी उजेडात फोटो काढताना आपण काय करतो? जास्त वेळ धरतो.

स्कॅनचा पलंग सात टप्प्यांत आत सरकतो. एकेका टप्प्याला दोन मिनिटं, सगळे मिळून चौदा. हा वेळ फक्त डॉक्टरांच्या पासवर्डने बदलतो आणि यंत्र तो प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आपोआप छापतं. मी त्या दिवसाची सहाही चित्रं उघडली.

पहिला पेशंट, एका टप्प्याला चार मिनिटं. दुसरा, चार. तिसरा, चार. चौथा, चार. पाचवा, चार. मी गेल्या वर्षभरातले दिवस तपासले. असा दुसरा दिवस नव्हता.

सहाव्या शिवणवाल्या बाई. दोन मिनिटं. स्कॅन सुरू, दोन वीस. संपला, दोन चौतीस.

शेवटच्या बाईंना का नाही? याचं उत्तर मामांच्या गाडीच्या वहीत, त्यांच्याच अक्षरात होतं : 'साहेब. विमानतळ. २.४५.' डॉक्टरांना त्या संध्याकाळी एका परिषदेत भाषण करायचं होतं, कारखान्याच्याच शहरात. साडेचारचं विमान. आणखी चौदा मिनिटं दिली असती तर निघायला तीन वाजले असते.

घरी मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. बाळ त्याच्या मांडीवर माझा चष्मा चावत होतं.

"ताईंनी सही केली की मिटतंय ना?" तो म्हणाला.

"मिटतंय."

"त्यांना चालतंय?"

"चालतंय."

"मग तुला काय होतंय?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "तिला सगळंच होतं. परवा पोराला शिंक आली तर डॉक्टरला फोन."

खरं आहे. मी कागद फेकून देणारच होते. पण बुधवारी दुपारी त्या मुलीचा फोन आला. तिने फार काही विचारलं नाही.

"मॅडम, सुई सरकली होती असं ते म्हणतात. आई म्हणते, त्या बाईंनी सुई लावलेली कळलीसुद्धा नव्हती. खरंच सरकली होती का?"

हो म्हणायला एक अक्षर लागतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी म्हटलं, "उद्या सांगते," आणि फोन ठेवून ताईंकडे गेले. समितीच्या आधी त्यांना कळायला हवं होतं. जिन्यावर बसून मी पिवळ्या लेबलापासून दोन चौतीसपर्यंत सगळं सांगितलं.

ताईंनी डब्याची पावती माझ्या हातातून घेतली आणि उलटली. लेबलावर उड्डाणाची वेळही छापलेली होती. तीन पन्नास. त्या ती बराच वेळ वाचत होत्या.

"हे माझ्यासमोर होतं," त्या म्हणाल्या. "मी चारशे वाचलं आणि वेळ वाचलीच नाही. एकोणीस वर्षं पाच चाळीस. कशाला वाचेन?"

"साहेबांनी सांगायला हवं होतं."

"हवं होतं." त्यांनी पावती परत दिली. "पण तुझं म्हणणं सुरू कुठून होणार ते बघ. औषध कमी गेलं हे दाखवायचं तर वहीतले दहा खोटे म्हणावं लागेल. साहेबांचं नाव तुझ्या शेवटच्या वाक्यात येईल. मी पहिल्याच वाक्यात जाते."

"ताई, तुम्ही सांगा. मी गप्प बसते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून नीट सांगता येत नाही.

"हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेही मीच करायचं."

६

गुरुवारी ताईंनी सही केली नाही, एवढंच त्यांनी केलं. स्वतःहून काही बोलल्या नाहीत. लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधले गृहस्थ वयस्कर, कानात यंत्र.

मी उभी राहून पहिलं वाक्य बोलले. "वहीतले हे सहा आकडे मोजलेले नाहीत." ताई पलीकडच्या भिंतीजवळ बसल्या होत्या. मी तिकडे पाहिलं नाही. कोपरावर नसलेला डाग, पिवळं लेबल, दोन शहरांमधलं अंतर, दुप्पट वेळ, पाव झालेलं औषध, पाच जणांना चार-चार मिनिटं, सहाव्यांना दोन. "औषध निम्मं आहे हे ज्याला माहीत नव्हतं तो वेळ दुप्पट करणार नाही," मी म्हणाले. "आणि वेळ बदलायचा पासवर्ड एकाच माणसाकडे आहे."

कानात यंत्र घातलेले गृहस्थ प्रत्येक कागद दोनदा वाचत होते. मला वाटलं, झालं.

डॉक्टर अजिबात चिडले नाहीत. "त्या दिवशी पहिलंच चित्र सुरुवातीपासून खरखरीत येत होतं," ते म्हणाले. "म्हणून मी वेळ वाढवला. त्याबद्दल माझी तक्रार व्हावी की कौतुक, हे तुम्हीच ठरवा. शेवटच्या बाईंची पाठ दुखत होती. त्यांना अर्धा तास तसंच झोपवणं मला बरं वाटलं नाही."

"मीटर दुरुस्तीला गेल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?" मधल्यांनी विचारलं.

"वहीत रोज आकडे येत होते साहेब. आकडे दिसल्यावर मीटर आहे असंच कोणीही समजेल."

कारखान्याने एका ओळीचं पत्र पाठवलं होतं : सेंटरला तोंडी कळवण्यात आले होते. मामांना बोलावलं. मामा खिशावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, चार महिन्यांपूर्वीचं कसं आठवेल, रोजचंच काम.

ताईंना शेवटी विचारलं. "हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?"

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर त्यांच्याकडेच बघत होते, अगदी मायेने.

"साहेबांच्या," ताई म्हणाल्या.

"काही लेखी?"

"नाही."

निकाल त्याच संध्याकाळी आला. स्कॅनला किती मिनिटं द्यायची हा डॉक्टरच्या विवेकाचा भाग. मात्र देखरेखीत ढिलाई, म्हणून लेखी ताकीद. म्हणजे जी ताकीद ताईंना मिळणार होती ती. न मोजता आकडे लिहिणं आणि लेबलावरची वेळ न पाहणं सिद्ध. तंत्रज्ञाचा परवाना कायमचा रद्द. तक्रारदार कुटुंबाला निकालाची प्रत.

मी त्या मुलीला फोन करून शब्द दिल्याप्रमाणे सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे सुई सरकली नव्हती."

"नाही."

"आईला सांगते. त्या बाईंना तिने वाईट म्हटलं नव्हतं." आणि फोन ठेवला.

मी फाइल कपाटात ठेवत होते तेव्हा डॉक्टर दारात येऊन थांबले. "आत आता कोणी नाही," ते म्हणाले. "सोमवारपासून तुम्हीच लागणार. बाळाचं दूध कधी तोडताय तेवढं सांगा." रागाने नाही, सुट्टीचा अर्ज मागावा तसं.

ताई कपडे बदलायच्या खोलीत आपलं कपाट रिकामं करत होत्या. एक स्वेटर, कंगवा, चपलांचा जोड. एकोणीस वर्षांचं एका पिशवीत मावलं. मी दाराशी उभी राहिले.

"तुझं गणित बरोबर होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "लेबल मीही बघायला हवं होतं. तेवढा दोष माझा, तो मला मान्य आहे."

"ताई, मी..."

"नको. माफी मागितलीस तर मला काहीतरी म्हणावं लागेल." त्यांनी पिशवीची गाठ मारली, मग सोडली, पुन्हा मारली. "मला एकच कळलं नाही. चौदा मिनिटांसाठी त्यांनी त्या बाईंना अर्धवट सोडलं. मग विमान तरी मिळालं का त्यांना?"

"मिळालं."

"वेळेवर सुटलं?"

ते मी बुधवारीच पाहिलं होतं. ज्या पानावर दोन शहरांमधलं अंतर आणि वेळ मिळतो, तिथेच जुन्या उड्डाणांची नोंद असते. साडेचारचं विमान त्या दिवशी पाच पंचवीसला सुटलं. पंचावन्न मिनिटं डॉक्टर विमानतळावर खुर्चीत बसून होते. त्याने काही सिद्ध होत नव्हतं, म्हणून समितीपुढे मी ते बोलले नव्हते.

ताई वळून माझ्याकडे बघत होत्या. उत्तराची खरंच वाट बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "अगदी वेळेवर."

"मग चौदा मिनिटं नव्हतीच म्हणायची त्यांच्याकडे," ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं सुटल्यासारखं झालं. त्यांनी पिशवी उचलली, दिवा बंद करायला हात वर नेला, मग मी अजून आत आहे हे लक्षात येऊन तसाच चालू ठेवला आणि निघून गेल्या.